मोजून चुकणारे मास्तर

“माझं चुकलं. तुम्ही सांगा.”

एवढं म्हणून मास्तर हात जोडायचे, मान जराशी डावीकडे कलती करायचे आणि गप्प बसायचे. पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक कायमचं बंद पडलेलं. साठीच्या माणसानं दिवसातून पाच-सहा वेळा चूक कबूल करावी आणि प्रत्येक वेळी त्याचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा खुलावा, हे कोडं मला सुरुवातीला उलगडलं नव्हतं. तुम्हीही आयुष्यात पुष्कळ माणसं पाहिली असतील. पण मुद्दाम चुकायला घराबाहेर पडणारा माणूस पाहिलाय का? मी पाहिलाय, तंजावरात.

मी मूळची सांगलीची. नव्वदीच्या सुरुवातीला बँकेनं मला बढती दिली आणि त्या बढतीबरोबर उचलून थेट तंजावरला टाकलं. तमिळ येत नाही, सांबार तिखट नाही, आणि पोरं सासूबाईंच्या ताब्यात सांगलीला. रोज संध्याकाळी पिवळ्या पाटीच्या एस.टी.डी. बूथमध्ये उभी राहून मी घरच्यांवर ओरडायची. ओरडायला लागायचंच, लाइन तशी होती. एके दिवशी बाहेर आले तर हे गृहस्थ दारात उभे. मला वाटलं, नंबर लावून ताटकळलेत, आता चिडणार.

“बाई, तुम्हांस बाळबोध लिपी वाचायास येते कां?” त्यांनी विचारलं.

मराठी! तीही अशी, की आमच्याकडे फक्त जुन्या पोथीत सापडेल, आणि तिला तमिळचा हेल. शिवाय प्रश्न असा, की सांगलीच्या बाईला कुणी आजवर विचारला नव्हता. मी जरा तोऱ्यातच म्हटलं, “येते म्हणजे? एम. ए. आहे मी!”

“मग रविवारी या,” ते म्हणाले. “आमची मराठी आमच्या तोंडांत आहे. डोळ्यांत नाहीं.”

मास्तरांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती, पश्चिमेच्या मोठ्या रस्त्यावर, एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर. बारा मशीनं, आठ इंग्रजी, चार तमिळ. समोर उभं राहून मास्तर तळहातावर आदितालाचे ठेके द्यायचे आणि मुली त्या तालात ए-एस-डी-एफ बडवायच्या. मुलींकडे पाठ करून बसलेले असत आणि सातव्या मशीनवरच्या पोरीची करंगळी चुकली, की न बघता म्हणायचे, “एळुमा, सेमिकोलन.” म्हणजे सातवी, तुझं चुकलं. दुसऱ्याची चूक त्यांना भिंतीपलीकडून ऐकू यायची. स्वतः मात्र बाहेर जाऊन बिनदिक्कत चुकायचे.

रविवारी त्यांनी माझ्यापुढे एक जाडजूड वही ठेवली. आजोबांच्या हातची. मराठा राजांच्या काळी तंजावरच्या दरबारात मराठीतून गाण्यांची नाटकं व्हायची. देवीच्या लग्नाच्या अशाच एका नाटकाची आजोबांनी नक्कल करून ठेवली होती. एकूण अठरा गाणी. प्रत्येकावर रागाचं आणि तालाचं नाव, खाली शब्द. चाल कुठेच लिहिलेली नाही. तेव्हा चाल लिहायची कुणाला गरजच नव्हती, गाणारे जिवंत होते. मास्तरांना अक्षर लागत नव्हतं. आधी एक म्हातारे शास्त्री वाचून दाखवायचे, ते गेले आणि वही मुकी झाली. मी वाचायला लागले, मास्तर ऐकून तमिळ लिपीत उतरवून घ्यायला लागले.

“पण चाली कुठून आणणार?” मी विचारलं. “रागाचं नाव आहे म्हणून काय झालं? दोनशे वर्षांत किती पाणी गेलं कावेरीतून!”

“चाली आहेत कीं,” ते म्हणाले. “चुलीपाशीं आहेत.”

मला कळेना. मग ते मला एका घरी घेऊन गेले. तिथली मराठी घरं राजांबरोबर आलेली. कुणी मास्तर, कुणी कारकून, कुणाचा पोरगा अमेरिकेला गेलेला. स्वयंपाकघरात ग्राइंडर घरघरत होता आणि आजीबाई इडलीचं पीठ सारखं करत होत्या. मास्तर पाटावर टेकले, कापी, म्हणजे तिकडची कॉफी, घेतली आणि सहज गुणगुणल्यासारखं लग्नातलं झोपाळ्याचं गाणं म्हणायला लागले. वहीतलं तिसरं. दुसऱ्याच ओळीला आजीबाईंनी ग्राइंडर बंद केला.

“अय्यो, असं नव्हे! कोण शिकिवलं तुम्हांस असं?”

“माझं चुकलं,” मास्तरांनी हात जोडले. “तुम्ही सांगा.”

आणि त्या बाईनं पिठाचे हात तसेच ठेवून पहिल्यापासून शेवटपर्यंत ते गाणं म्हटलं. चारी कडवी! मास्तरांची बोटं मांडीवर ताल धरून होती आणि डोळे मिटलेले होते.

बाहेर आल्यावर मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. म्हटलं, त्या म्हाताऱ्या बाईला बनवलंत तुम्ही!

“बाई,” ते म्हणाले, “‘गा’ म्हटलों असतों तर गाती काय? ‘मला कुठलं येतं’ म्हणती आणि पदर तोंडास लावती. पण खोटं ऐकून गप्प बसवत नाहीं कोणास. आणि चूक मोजून करावी लागते. फार चुकलं तर हसतात, थोडं चुकलं तर चालवून घेतात. ताकांत मीठ घालायाचं तसं.”

दरबारातली गाणी अशी लग्नांच्या वाटेनं घराघरांत उतरली होती. झोपाळ्याचं गाणं एका घरी, नवरानवरीच्या खेळाचं दुसऱ्या घरी, विहिणींच्या थट्टेचं तिसरीकडे. म्हणणारीला पत्ता नाही की आपण राजाचं गाणं म्हणतोय. मास्तर आपल्या मोपेडवरून गावोगाव हिंडायचे. कालव्यांच्या कडेनं, भाताच्या शेतांतून, तिरुवैयारुपर्यंत. प्रत्येक गाण्याची चुकीची चाल ते घरी बसून तयार करायचे. ती तयार करायला खरी चाल बांधण्याइतकीच अक्कल लागते, हे मला हळूहळू कळत गेलं. एखादी चूक तर इतकी गोड असायची की मी म्हणायची, “अहो मास्तर, हीच ठेवा की!” त्यावर ते कानाला हात लावायचे.

दोन वर्षांत सतरा गाणी मिळाली. राहिलं एक, अठरावं. मंगळ. म्हणजे शेवटचं, सगळ्यांचं भलं चिंतणारं गाणं. ते झालं की कार्य संपलं, ते झाल्याशिवाय उठायचं नाही, अशी तिथली रीत. मास्तरांची इच्छा एकच होती, मरायच्या आत हे नाटक पहिल्यापासून मंगळापर्यंत एकदा लोकांसमोर गाऊन घ्यायचं. अर्धं नव्हे, पूर्ण.

मंगळाचीही चुकीची चाल त्यांनी बांधली. घरोघरी म्हटली. आणि काय आश्चर्य, कुणी चूक काढीना! ऐकायच्या, मान डोलवायच्या, बस्स. वीस घरं झाली, तीस झाली. मास्तर चक्रावले. “चूक कमी पडली काय?” म्हणून त्यांनी चाल आणखी बिघडवली, परत तीस घरं फिरले. तरी कुणी हूं का चूं केलं नाही.

एवढ्यात एका लग्नाचं बोलावणं आलं. आम्ही दोघंही होतो. नवरानवरी झोपाळ्यावरून उठणार, तर मांडवातल्या चार-पाच मुली पुढं झाल्या आणि त्यांनी मंगळ म्हणायला सुरुवात केली. मी मास्तरांकडे बघून आनंदानं हसले आणि माझं हसू तिथंच राहिलं. मास्तरांचा चेहरा पिठासारखा पांढरा. मुली गात होत्या ती मास्तरांचीच चूक होती. पहिल्या फेरीतली, कमी बिघडवलेली.

गाणं झाल्यावर ते लगबगीनं मुलींच्या आईकडे गेले आणि तीच ओळ मुद्दाम वेगळीच वळवून म्हणाले. मला वाटतं, त्यांना एवढंच बघायचं होतं की ती काय म्हणते.

“असं नव्हे मास्तर,” ती बाई ठासून म्हणाली. “असं आहे तें. आमच्या आजीपासून असंच.” आणि तिनं मास्तरांची चूक मास्तरांनाच सुरेल म्हणून दाखवली!

मला हसू आवरेना. मास्तरांनी हात जोडले, मान कलती केली, पण “तुम्ही सांगा” हे शब्द त्यांच्या तोंडून काही बाहेर पडले नाहीत. “माझं चुकलं,” एवढंच म्हणाले. त्या वेळी ते खरं होतं.

त्यानंतरचे दोन महिने मास्तर घरोघर फिरून सांगत होते की बायांनो, ती चाल माझी आहे, खोटी आहे, टाकून द्या. लोक हसायचे. काही जणी रागावल्या. एक तर म्हणाली, मास्तरांस वय झालं, आता कांहीं आठवत नाहीं. मी त्यांना समजावलं. म्हटलं, “चाल सुरेख आहे, लोकांना आवडलीय, कुणाचं काय बिघडतंय? राहू द्या.”

आमचं तिथं पहिलं आणि शेवटचं भांडण झालं. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं, पण त्या दिवशी चढला. “माझी चाल असेल तर माझ्या नांवानं जावो! राजाच्या नांवानं माझी लबाडी कां जावी? आणि खरी कोठें तरी आहे, बाई. ती माझ्या खोटीखालीं पुरली जाते आहे. पुरणारा मी!”

खरं सांगते, मला तेव्हा त्यांची भीतीच वाटली आणि फार आदरही वाटला.

मग कुणीतरी आत्यांचं नाव सुचवलं. ओरत्तनाडुला राहायच्या, जुन्या छत्राच्या, म्हणजे धर्मशाळेच्या, मागच्या गल्लीत, पुतण्याच्या घरी. सगळा गाव त्यांना आत्याच म्हणायचा. ऐंशीच्या पुढच्या, लहानखुऱ्या, कपाळ मोकळं. आम्ही बसनं गेलो. मास्तरांनी नेहमीप्रमाणे कापी घेतली आणि बिघडवलेलं मंगळ गुणगुणायला लागले. मी आत्यांकडे बघत होते. भातात खडा लागावा तसं त्यांचं तोंड झालं. पण तोंड उघडलं नाही.

मला कुठला धीर निघतोय! “आत्या, तुम्हाला येतंय हे,” मी म्हटलं.

“जाणतें,” त्या म्हणाल्या. “लहानपणींपासून जाणतें. येथून तिरुवैयारुपावेतों लग्न असलें कीं मंगळास मला गाडी धाडायाचे. पूर्ण कोणास येत नव्हतें, मलाच येई.”

“मग म्हणा की!”

त्यांनी बोट आपल्या मोकळ्या कपाळाकडे नेलं. “सव्विसावें वर्ष होतें मला. त्यानंतर कोण बोलावतो? मंगळ म्हणायाचें तोंड वेगळें असतें, बाई. आणि कार्य नसतां घरांत बसून मंगळ म्हणतात होय? तें काय पाढे आहेत?”

आता सगळा उलगडा झाला. बाकीची गाणी बाया भांडी घासतानाही म्हणायच्या, म्हणून चूक ऐकली की लगेच उसळायच्या. मंगळ मात्र कार्याविना कुणी ओठावर आणायचं नाही. ज्यांना तुकडे येत होते त्या गप्प राहिल्या, ज्यांना येत नव्हतं त्यांनी मास्तरांचं उचललं. आणि जिला पूर्ण येत होतं, तिला पन्नास-पंचावन्न वर्षांत कुणी मांडवात पुढं बसू दिलं नव्हतं. आत्यांबरोबर गाणंही मागच्या खोलीत गेलं. लग्नाचा शेवट नादस्वरवाले, म्हणजे तिकडचे सनईवाले, करायला लागले आणि कुणाला काही उणं वाटलं नाही.

परतीच्या बसमध्ये माझा नुसता जळफळाट चालला होता. कसल्या मेल्या रीती, एका बाईचा गळा दाबून ठेवला सगळ्यांनी, तुम्ही तरी त्यांना ठणकावून का नाही सांगितलंत? मास्तर खिडकीतून बाहेरची भातशेतं बघत होते.

“मी सांगून त्या म्हणतील काय?” ते म्हणाले. “सांगणारे पुष्कळ झाले त्यांस. पुढल्या महिन्यांत पुन्हा येऊं.”

आणि ते गेले. दर महिन्याला. आत्यांसाठी कधी केळी, कधी विड्याची पानं न्यायचे, पाटावर बसायचे, मंगळ चुकीचं म्हणायचे. आत्या तोंड वाकडं करायच्या आणि कापी द्यायच्या. असं वर्षभर चाललं.

त्या वर्षभरात इन्स्टिट्यूटच्या समोरच काचेच्या दाराचं कॉम्प्युटर सेंटर उघडलं. बारा मशीनांपैकी चारच वाजायला लागली. मास्तरांनी त्याचं दुःख केलेलं मी पाहिलं नाही. रिकाम्या मशीनांच्या जागी त्यांनी सतरंजी घातली आणि संगीत शिकणाऱ्या दोन मुलींना नि एका मृदंगवाल्याला बोलावून सतरा गाणी बसवायला घेतली. भांड्यांचा दुकानदार खालून ओरडायचा, “मास्टर, टाइपिंग परवाइल्लै, इदु रोंब सत्तम!” टायपिंग परवडलं, हा फारच गोंगाट! मास्तर खिडकीतून त्यालाही हात जोडायचे.

मग चेन्नईहून कॅसेटवाला आला. तरणाताठा, कमरेला पट्ट्याची पिशवी. जुनं संगीत शोधून कॅसेटी काढायचा धंदा, आणि धंद्याचं प्रेमही होतं त्याला, नाही असं नाही. सतरा गाणी ऐकून तो खूश झाला. कुठल्यातरी लग्नात त्यानं अठरावंही ऐकलं होतं. “सार, तो शेवट तर सुपर आहे! राजाच्या दरबाराचा वास येतो!”

“तें माझें आहे,” मास्तर म्हणाले. “खोटें आहे.”

त्यानं मास्तरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “सार, कुणाला कळणार?”

“मला.”

“अठरा नसतील तर पूर्ण म्हणता येणार नाही. पूर्ण नसेल तर कॅसेट कोण काढणार?”

मी टेबलाखालून मास्तरांच्या पायावर पाय दिला. आयुष्यभराची इच्छा दारात येऊन उभी, आणि नुसतं गप्प बसायचं होतं! पण ते काही गप्प बसले नाहीत. म्हणाले, “सतरा घ्या. अठराव्याची जागा रिकामी ठेवूं. रिकामी आहे तर रिकामी दिसावी.” कॅसेटवाला हताश होऊन म्हणाला, कार्यक्रम तर करा, मशीन लावतो, पुढचं पुढं बघू.

कार्यक्रम आडी या तमिळ महिन्यात ठरला. त्या महिन्यात तिकडे लग्नं होत नाहीत, त्यामुळे लग्नाचा कल्याण मंडपम् रिकामा मिळाला. वारा असा सुटला होता की बाहेरचा कापडी फलक दोनदा उडाला. मास्तरांनी आत्यांना आणायला ओरत्तनाडुला मोटार पाठवली. “हें लग्न नव्हे आत्या, नुसतें गाणें आहे,” असं सांगून आणलं. आत्या आल्या त्या सवयीनं मागच्या खांबापाशी जाऊन टेकल्या. मास्तरांनी वेताची खुर्ची स्वतः उचलली, पहिल्या रांगेत मधोमध ठेवली आणि खुर्चीजवळ हात जोडून उभे राहिले. सगळा हॉल बघत होता. आत्या चडफडत आल्या आणि बसल्या.

सतरा गाणी झाली. काय सांगू तुम्हाला! समोरच्या बायका आपापल्या घरचं गाणं आलं की बरोबरीनं म्हणायच्या, दोन ठिकाणी लयीवरून भांडल्याही. ग्राइंडरवाल्या आजीबाई झोपाळ्याच्या गाण्याला शेजारणीला कोपरानं ढोसून सांगत होत्या की हें मी दिलें. आणि अजून तर मला व्यासपीठावर जायचं होतं.

मास्तर उभे राहिले. “अठरावें मंगळ,” ते म्हणाले. “त्याची चाल मला मिळाली नाहीं. तुम्ही लग्नांत म्हणतां ती मी रचलेली चूक आहे. माझं चुकलं. आज बाई नुसते बोल वाचतील. मृदंग ताल देईल. चालीची जागा रिकामी राहील.”

मी व्यासपीठावर गेले, तर कॅसेटवाल्यानं मशीन बंद केलेलं मला वरून दिसलं. वाचनाची कॅसेट त्याला नको होती. मी वही उघडली आणि माझ्या सांगलीच्या रांगड्या आवाजात वाचलं, “मंगळ दिव्यासि, मंगळ पाण्यासि, मंगळ आल्यांसि, मंगळ राहिल्यांसि.” चार ओळी वाचून थांबले. मृदंग चालूच होता. एक आवर्तन, दोन आवर्तनं. नुसता ताल, वर काहीच नाही. लोक अस्वस्थ व्हायला लागले. कुणी घड्याळ बघितलं, कुणी चपला शोधायला पाय हलवला. मागच्या रांगेतले दोघंतिघं उठलेच.

“बसा!”

एवढासा जीव आणि केवढा आवाज! आत्या खुर्चीच्या हातांना धरून उभ्या राहिल्या होत्या. “मंगळ झाल्यावांचून उठतां? कोणाच्या घरची रीत ही? बसा म्हणतें!”

उठलेले बसले. आणि आत्यांनी मृदंगाचं पुढचं आवर्तन पकडून मंगळ म्हणायला सुरुवात केली.

आवाज फाटका होता, श्वास पुरत नव्हता, पण सूर जागचा हलत नव्हता. मास्तरांची चाल खालून वर चढायची. ही अगदी उलटी, वरून सुरू होऊन हळूहळू उतरायची, तळ्याच्या पायऱ्या उतरतो तशी, आणि ‘राहिल्यांसि’ला अगदी खाली येऊन थांबायची. पन्नास-पंचावन्न वर्षं न म्हटलेलं गाणं, पण एक जागा अडखळली नाही. हॉलमधल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मीही रडले, हातात वही घेऊन, सगळ्यांसमोर, बँकेची ऑफिसर असून.

पहिलं कडवं फिरून आलं तेव्हा मास्तरांनी त्यांच्या पाठोपाठ ओळ म्हटली आणि ‘पाण्यासि’वर चुकले.

“असं नव्हे!” आत्या कडाडल्या.

मास्तरांनी हात जोडले. मान कलती झाली. “माझं चुकलं. तुम्ही सांगा.”

सगळा हॉल हसला. आत्याही हसल्या आणि त्यांनी ती ओळ परत म्हटली. एकदा नव्हे, तीनदा म्हटली, सगळ्यांकडून म्हणवून घेतली आणि मगच उठायची परवानगी दिली. कॅसेटवाला मशीनकडे धावला तोवर गाणं संपलं होतं. “पाट्टी,” म्हणजे आजी, “वन्स मोअर!” म्हणून तो गयावया करायला लागला. आत्या म्हणाल्या, “मंगळ झालें. आतां काय? जेवायास चला.”

कॅसेट सतरा गाण्यांचीच निघाली. माझ्याकडे आहे एक.

नंतर मी मास्तरांना खोदून खोदून विचारलं. आत्यांना पुढं बसवलंत, मृदंग चालू ठेवलात, जागा रिकामी ठेवलीत. हे सगळं तुम्ही ठरवून केलंत ना? वर्षभर त्यांच्यासमोर चुकून उपयोग झाला नाही, म्हणून शेवटची, सगळ्यांत मोठी चूक केलीत?

“मी काय केलों?” मास्तर म्हणाले. “कांहींच केलों नाहीं.” आणि खिशातलं ते बंद पडलेलं पेन काढून उगीच पुसायला लागले.

आडी सरला आणि पहिल्या मुहूर्ताला त्यांच्या भाचीचं लग्न होतं. मास्तर स्वतः ओरत्तनाडुला जाऊन आत्यांना घेऊन आले आणि मंगळ म्हणायला नवरीच्या शेजारी बसवलं. दोघं-चौघं कुजबुजले. मास्तर त्या प्रत्येकासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “माझं कांहीं चुकलं असेल तर तुम्ही सांगा.” कुणी काही सांगितलं नाही. पुढं तीन वर्षं, आत्या होत्या तोवर, मराठी घरांतल्या लग्नांना मंगळासाठी ओरत्तनाडुला गाडी जायची.

माझी बदली झाली, मी सांगलीला परतले. मास्तरांची पत्रं यायची. मराठी, पण इंग्रजी मशीनवर रोमन अक्षरांत टाइप केलेली, एकही अक्षर खोडलेलं नाही. मग एक पत्र आलं, त्याच्या पाकिटावरचा पत्ता कुणा दुसऱ्याच्या हातानं लिहिलेला होता. फोडायच्या आधीच मला कळलं.

दोन वर्षांनी तंजावरला एका लग्नाला गेले. इन्स्टिट्यूटच्या जागी आता मोबाइल फोनचं दुकान होतं. मांडवामागच्या स्वयंपाकघरात बायका पानं पुसत होत्या. मी पाटावर बसले, कापी घेतली. कार्य होतं, तेव्हा हरकत नव्हती. मला गाणं येत नाही, जन्मात आलं नाही, पण मास्तरांची ती जुनी चाल मला पाठ होती. खालून वर चढणारी. ती मी जमेल तशी गुणगुणायला लागले.

तिसरा शब्द पुरा व्हायच्या आत चार बायका हातातली पानं तशीच धरून एकदम वळल्या.

“अय्यो, असं नव्हे!”

त्यांतली एक तीच होती, जिच्या आजीपासून असंच होतं ती. डोळे भरून आले आणि हसूही येत होतं. मी हात जोडले. मान आपोआप डावीकडे कलली.

“माझं चुकलं,” मी म्हटलं. “तुम्ही सांगा.”